कमानीच्या जुन्या चाकूंची दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना घडीचा चाकू घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "याची स्प्रिंग गेलीय." बहुतेक वेळा स्प्रिंग जागेवर असते, ठणठणीतही असते. बिघडलेलं असतं ते दुसरंच काहीतरी. चाकू घेऊन पुण्यातल्या पेठेच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधत फिरण्याआधी हे वाचून घ्या. निम्म्या लोकांचं काम घरीच होईल. उरलेल्यांना निदान काय करू नये ते कळेल.

कोणत्या चाकूंबद्दल बोलताय?

ज्या घडीच्या चाकूच्या पाठीत लांब पोलादी पट्टी असते आणि तिच्या दाबावर पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं, त्यांच्याबद्दल. या पट्टीला कारागीर कमान म्हणतात, तुम्ही स्प्रिंग म्हणा. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जोसेफ रॉजर्स आणि वॉस्टनहोम, जर्मनीतल्या सोलिंगेनचे चाकू, फ्रान्सचा लायोल, स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स, अमेरिकेतल्या 'केस' कंपनीचे चाकू हे सगळे याच घराण्यातले. बक ११० सारखे, पाठीवर दाबून मिटायचे लॉकबॅकही यात येतात, फक्त त्यांची रचना थोडी वेगळी असते.

ओपिनेल घेऊन येऊ नका. त्याला पाठीत कमान नसतेच. लाकडी मूठ, एक पिन आणि १९५५ पासून बसवलेली फिरती कडी, एवढाच कारभार. त्याचं पातं जुलैमध्ये घट्ट चालत असेल तर लाकूड फुगलंय. पावसाळा संपू द्या.

ही कमान काम कशी करते?

हे एकदा नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका पात्याच्या चाकूत कमान दोन ठिकाणी पकडलेली असते: मधे एका पिनवर आणि मागच्या टोकाला दुसऱ्या पिनवर. पुढचं टोक मोकळं असतं आणि ते पात्याच्या बुडावर दाबून बसतं. पात्याचं बूड गोल नसतं, त्याला सपाट बाजू असतात. एक उघड्या स्थितीची, एक मिटलेल्या स्थितीची आणि काही चाकूंत मधे काटकोनात थांबण्यासाठी आणखी एक. पातं फिरवलं की बुडाचा कोपरा कमानीचं टोक वर ढकलतो, आणि कोपरा ओलांडला की कमान पुढच्या सपाटीवर येऊन आपटते. आपल्याला ऐकू येतो तो खटका हाच. दोन्ही टोकांना पाती असलेल्या चाकूत कमान मधेच धरलेली असते आणि तिची दोन्ही टोकं काम करतात.

जुळणी करताना कमान सरळ आत ठेवून पिना ठोकत नाहीत. ती मधल्या पिनवर टेकवायची, मागचं टोक दोन-तीन मिलिमीटर दाबून जागेवर आणायचं आणि मगच मागची पिन सारायची. म्हणजे चाकू मिटून खिशात पडलेला असतानाही कमान ताणातच असते. चाकूचा सगळा जोर त्या आधीच भरलेल्या ताणात आहे. म्हणूनच मागच्या पिनचं भोक थोडं झिजलं, तर कमानीला काही झालेलं नसतानाही चाकू मऊ पडतो.

कमान पात्याइतकी कडक नसते आणि नसावीच. व्हिक्टोरिनॉक्सनं आपले आकडे जाहीर केलेले आहेत: कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर पातं ५६ आणि कमान ४९. पात्याला धार टिकवायची असते, कमानीला वाकून पुन्हा जागेवर यायचं असतं. पात्याइतकी कडक कमान केली तर ती थोड्याच दिवसांत काचेसारखी तुटते.

कमान खरंच गेलीय का, हे घरी कसं ओळखायचं?

आधी पात्याच्या धारेवर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. हे सांगायला लागू नये, पण लागतं. लॉकबॅक सोडले तर कमानीच्या चाकूला कुलूप नसतं. तपासता तपासता पातं बोटावर मिटतं आणि नेमका त्याच वेळी त्याचा जोर किती उत्तम आहे ते कळतं.

मग चाकूची पाठ डोळ्यासमोर आडवी धरा. मिटलेल्या स्थितीत कमान दोन्ही बाजूंच्या पितळी किंवा पोलादी पट्ट्यांच्या पातळीत हवी. पूर्ण उघडल्यावरही पातळीत हवी. अर्धवट उघडल्यावर ती वर उचललेली दिसेल, ते बरोबर आहे. उघड्या स्थितीत ती आत बसलेली दिसली, तर कमानीचं टोक किंवा पात्याचं बूड झिजलंय. दोन्ही स्थितींत वर आलेली दिसली, तर आत कचरा किंवा गंज साठलाय. हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा फार जास्त दिसतो.

आता पातं उघडून उजेडासमोर धरा आणि बूड व कमान जिथे टेकतात तिथे पाहा. उजेडाची रेघ दिसली तर दोन्ही पूर्ण टेकत नाहीत. शेवटी पात्याचं टोक चिमटीत धरून हलवा. डावी-उजवीकडे हलतं तो दोष पिनचा. वर-खाली हलतं तो दोष बूड आणि कमानीच्या टेकण्याचा. या दोन तक्रारी लोक एकाच वाक्यात सांगतात, पण त्यांची दुरुस्ती पूर्ण वेगळी आहे.

तडा गेलाय का, हे कसं पाहायचं?

कमान तुटते ती बहुतेक वेळा मधल्या पिनच्या भोकापाशी, कारण तिथे धातू कमी आणि ताण जास्त. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही. पाठीवर रॉकेलचा एक थेंब चोळा, दहा मिनिटं थांबा, फडक्यानं पूर्ण कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड लावा. मग पातं हळूच अर्धं उघडा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर बारीक काळपट रेघ उमटते. हीच युक्ती कारखान्यांत महागडी रसायनं वापरून करतात.

रेघ दिसली तर तो चाकू त्या क्षणापासून उघडझाप करायचा बंद करा.

खटका मंद झालाय. आधी काय करू?

साफ करा. खिशातला धागा-कचरा, सफरचंदाचा वाळलेला रस आणि कुणीतरी प्रेमानं घातलेलं खोबरेल तेल यांचा आत एक डिंक तयार होतो. कमान वर उचलली जाते, पण तितक्या झटक्यानं खाली येत नाही. मालकाला वाटतं जोर गेला.

दाताची काडी घेऊन पात्याच्या खोबणीतला कचरा ओढून काढा. सुई किंवा टाचणी नको, ओरखडे पडतात. मग सांध्यावर रॉकेलचे किंवा डब्ल्यूडी-४० चे दोन थेंब, दहा-पंधरा वेळा उघडझाप, काळं पाणी बाहेर येईल ते पुसा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. दुसऱ्या दिवशी परत एकदा. शेवटी तेलाचा एकच थेंब. डब्ल्यूडी-४० हे साफसफाईला चांगलं आहे, पण उडून जातं. त्याला शेवटचं तेल समजू नका.

चाकू रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचा सल्ला कुणी देईल. मूठ पोलादी किंवा पितळी असेल तर चालेल. हाड, शिंग, शिंपला, लाकूड किंवा जुनं प्लास्टिक असेल तर मुळीच नाही.

तेल कोणतं?

शिलाई मशीनचं. तोच चाकू फळं कापायला वापरत असाल तर मेडिकलच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन.

खोबरेल तेल डिसेंबरच्या पुणेरी थंडीत बाटलीत गोठतं, तसंच चाकूतही गोठतं. जवसाचं तेल त्याहून वाईट: ते वाळून व्हार्निश होतं आणि सांधा चिकटवून टाकतं. मोहरीचं, शेंगदाण्याचं, देवघरातल्या निरांजनाचं, यातलं कुठलंच नको.

चाकू उघडतच नाही. नखाची खाच तुटायला आली.

थांबा. पक्कड लावू नका. पक्कडीचे दात पात्यावर उमटले की ते जात नाहीत, आणि गंजानं धरलेलं पातं जोरानं ओढलं तर कमान सुटत नाही, पातं मोडतं. सांध्यावर रॉकेल आणि थोडं मशीन ऑइल घालून चाकू उभा ठेवा, रोज एक थेंब, आठवडाभर. मधेमधे लाकडी दांड्यानं बोल्स्टरवर, म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या ठोकळ्यांवर, हलके ठोके द्या. त्या थरथरीनं तेल आत उतरतं. मग चामड्याचा तुकडा पात्याला धरून ओढा.

आठवडा फार वाटतो, मान्य. चाकू पन्नास वर्षं कपाटात होता, हेही लक्षात घ्या.

पातं डावी-उजवीकडे लटपटतं. कमान बदलावी लागेल?

नाही. पातं ज्या पिनवर फिरतं ती ढिली आहे. पिनचं डोकं पुन्हा ठोकून थोडं पसरवायचं असतं. बोल्स्टर पोलादी ऐरणीवर टेकवून, शंभरेक ग्रॅमच्या गोल तोंडाच्या हातोडीनं, हलके आणि पुष्कळ ठोके. दर पाच-सहा ठोक्यांनी पातं चालवून पाहायचं. दोन जास्तीचे ठोके पडले की पातं आवळून बसतं, आणि ते पुन्हा सैल करणं ही मोठी डोकेदुखी. म्हणून जुने कारागीर ठोकण्याआधी बूड आणि बाजूच्या पट्टीमधे पातळ पितळी पत्र्याची चकती सारून ठेवतात आणि शेवटी ओढून काढतात. तेवढी केसभर फट राहते.

तांबट आळीत बसून भांडं ठोकताना पाहिलंय का? ताकद कमी, मोजणी जास्त. इथेही तीच शिस्त लागते.

लॉकबॅकचं कुलूप नीट बसत नाही.

दहातल्या नऊ वेळा पात्याच्या बुडातल्या खाचेत कचरा दाबून बसलेला असतो आणि कुलपाचा दात पूर्ण आत जात नाही. काडीनं खरवडून काढा. तरीही दात अर्धाच बसत असेल तर तो चाकू कामाला वापरू नका. अर्धं लागलेलं कुलूप हे न लागलेल्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण आपण त्याच्यावर विसंबतो.

कमान तुटलीच आहे. वेल्डिंग करून मिळेल का?

कोपऱ्यावरचा वेल्डर हो म्हणेल. तुम्ही नाही म्हणा. वेल्डच्या उष्णतेनं आजूबाजूच्या पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ होतं. जोडाच्या एका बाजूला ठिसूळ, दुसऱ्या बाजूला मऊ. अशी कमान वाकते आणि वाकलेलीच राहते, नाहीतर जोडाशेजारी पुन्हा तुटते. ब्रेझिंगचंही तेच. तुटलेल्या कमानीला एकच इलाज आहे, नवी कमान.

नवी कमान कशी बनवतात?

तयार मिळत नाही, हे आधी सांगतो. प्रत्येक चाकूची कमान त्या चाकूपुरती असते. जुनीचे तुकडे जुळवून तिची छाप घ्यायची आणि त्यावरून स्प्रिंग स्टीलच्या पट्टीतून कापायची. साध्या कार्बन पोलादाची पट्टी सगळ्यात सोयीची. ट्रकचा जुना पाटा आणून देणारे उत्साही लोक भेटतात. पोलाद चांगलं असतं, पण इतकं जाड की ते पातळ करण्यातच आठवडा जाईल.

जाडीवर सगळं अवलंबून असतं. कमान पात्याच्या बुडापेक्षा केसभर जाड हवी. बरोबर उलटं झालं, म्हणजे बूड जाड आणि कमान पातळ, तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पात्यालाच आवळतात आणि कमानीचा जोर घर्षणात जातो. नवी कमान घालूनही चाकू सुस्त वाटतो तो यामुळे.

भोकं पाडायची ती कडक करण्याआधी. भोकांच्या कडा मोडून घ्यायच्या. कमानीचा मधल्या पिनपासून पुढचा भाग आतल्या बाजूनं कानशीनं हळूहळू निमुळता करायचा, म्हणजे वाक एकाच ठिकाणी न येता सगळीकडे वाटला जातो. मग पॉलिश पेपर, आणि तो लांबीच्या दिशेनंच. आडवा एक ओरखडा राहिला तरी पुढचा तडा तिथूनच सुरू होतो.

यानंतर पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक करायचं. पोलाद तापवत न्यायचं, लोहचुंबक चिकटायचं थांबतं तिथून थोडं पुढे, साधारण ८०० अंशांपर्यंत, आणि कोमट तेलात बुडवायचं. पाण्यात नाही, इतकी पातळ पट्टी पाण्यात तडकते. तेलातून निघाल्यावर ती इतकी ठिसूळ असते की फरशीवर पडली तर दोन तुकडे. म्हणून लगेच पाणी उतरवायचं. तापवताना घासलेल्या पोलादावर रंग चढतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. पात्याचं काम पिवळ्यावर थांबतं. कमानीला निळ्याच्याही पुढे, ३५० ते ४०० अंशांपर्यंत जावं लागतं. जुने लोक कमान तेलात बुडवून ज्योतीवर धरत आणि तिच्यावरचं तेल पेट घेऊन जळून जाईपर्यंत तापवत. तेल पेटण्याचा बिंदू जवळपास हव्या त्याच तापमानाला येतो. थर्मामीटर नसलेल्या काळातली ही अक्कल आहे आणि अजूनही चालते.

घरच्या ओव्हनमध्ये हे होत नाही, तो २५० च्या पुढे जात नाही. भोसरीच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटची युनिट्स आहेत, पण त्यांचा धंदा शेकड्यांच्या मालाचा. एक बोटभर कमान घेऊन गेलात तर तुमच्याकडे बघून हसतील. कुणाच्या तरी मालाबरोबर ती टाकून घ्यावी लागते, आणि त्याला ओळख लागते.

जुनीच कमान वाकवून जोर वाढवता येतो का?

शेगडीवर तापवून वाकवली तर पाणी उतरतं आणि काम संपतं. थंड वाकवली तर तुटू शकते. कडक, अरुंद तोंडाच्या हातोडीनं शेजारी शेजारी बारीक ठोके देत कमानीचा पृष्ठभाग ताणायचा, ही शेफील्डच्या कारागिरांची पद्धत. हात बसलेला असेल तरच. मी करतो तेव्हाही आधी मालकाला सांगतो की तुटली तर नवी करावी लागेल, आणि तो हो म्हणाल्यावरच हातोडी उचलतो.

चाकू खोलतात कसा? स्क्रू तर दिसत नाहीत.

स्क्रू नसतातच. जुने चाकू पिना ठोकून कायमचे बंद केलेले असतात. मुठीतल्या पितळी पिना ठिपक्यांसारख्या दिसतात. बोल्स्टरमधली पिन मात्र दिसत नाही, कारण ती बोल्स्टरच्याच धातूची, बहुतेक जर्मन सिल्व्हरची असते आणि ठोकून, घासून सपाट केलेली असते. भोक बाहेरच्या बाजूला किंचित रुंद केलेलं असतं, ठोकलेला धातू त्यात भरतो, आणि घासल्यावर सांधा नाहीसा होतो. ती शोधायला पातं हळूच डावी-उजवीकडे दाबत राहायचं. थोड्या वेळानं बोल्स्टरवर बारीक गोल कडा उमटते.

मग पिनच्या बरोबर मध्यावर खूण, बारीक ड्रिलनं फक्त डोक्यापुरतं खोल, आणि पंचनं पिन मागून बाहेर. मागच्या पिनला हात लावताना चाकू वाइसमध्ये लाकडी ठोकळ्यांत धरलेला हवा. ताणातली कमान कुठे उडेल सांगता येत नाही. चष्मा घाला. प्रत्येक पायरीला फोटो काढा, विशेषतः पात्यांचा क्रम आणि पट्ट्यांची डावी-उजवी बाजू.

कानशी, पंच, पितळी तार हे सगळं बोहरी आळीत मिळतं. धीर मिळत नाही.

घरी करून पाहू का?

साफसफाई, तेल, तडा तपासणं: जरूर. पिना काढणं: आधी शंभर रुपयांच्या चाकूवर शिका. आजोबांच्या रॉजर्सवर नाही.

दुरुस्त केल्यानं संग्रहातली किंमत कमी होते का?

होते. याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. मूळ पिना, मूळ कमान, मूळ काळवंडलेपणा असलेला मंद चाकू हा नव्या कमानीच्या चकचकीत चाकूपेक्षा संग्राहकाला जास्त मोलाचा वाटतो. त्यामुळे मी आधी विचारतो: हा चाकू वापरायचाय, ठेवायचाय की विकायचाय? विकायचा असेल तर साफ करून, तेल घालून आहे तसा विका. घरात ठेवायचा असेल, कमान आळसावली आहे पण शाबूत आहे, तर राहू द्या. वापरायचा असेल किंवा कमान तुटलीच असेल, तर मग दुरुस्ती.

आणि बफिंग नको. धार लावणारा पाच मिनिटांत चाकू आरशासारखा करून देतो आणि त्याच पाच मिनिटांत पात्याच्या बुडावरचा शिक्का पुसून टाकतो. चाकूची सगळी कुंडली त्या शिक्क्यात असते. रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस, वॉस्टनहोमचा आय-एक्सएल, देशाचं नाव आहे की नाही. अमेरिकेनं १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर शेफील्डच्या मालावर 'इंग्लंड' हा शब्द सर्रास दिसायला लागला. तो शब्द अर्धवट पुसला गेला की चाकूचं वय ठरवायचा एक धागा तुटतो. लाल गंज काढा, काळा थर राहू द्या.

बदललेली कमान आणि पिना मी छोट्या पाकिटात घालून परत देतो. त्या टाकू नका. पुढचा मालक विचारेल.

मूठ तडकतेय, आणि आतली कमान वारंवार गंजते. पुसून पुसून थकलो.

मूठ जुन्या सेल्युलॉइडची आहे का पाहा. कासवाच्या पाठीसारखी नक्षी, मोत्यासारखी चमक किंवा नकली हस्तिदंत असेल, आणि बोटानं चोळल्यावर कापराचा वास आला, तर तेच. सेल्युलॉइड बनतंच नायट्रोसेल्युलोज आणि कापरापासून. म्हातारं झालं की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि त्या कमान खातात. शेजारी ठेवलेले चाकूही खातात. असा चाकू वेगळा, हवेशीर ठेवा, बंद प्लास्टिक पिशवीत कधीच नाही. त्याला उष्णता लावू नका, ज्योत तर नाहीच. कापूर कसा पेटतो ते तुम्हाला माहीत आहे, सेल्युलॉइड त्याहून जोरात पेटतं.

हस्तिदंती किंवा सांबरशिंगाची मूठ फुटलीय. बदलून द्याल?

आहे ती चिकटवून देईन, त्याच मालाचा नवा तुकडा लावून नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि मला त्याच्याशी झोंबाझोंबी करायची नाही. शेफील्डच्या चाकूंची शिंगी मूठ पुष्कळदा आपल्याकडच्याच सांबराची असते, ही त्यातली गंमत.

व्हिक्टोरिनॉक्सची कात्री उघडत नाही, परत येत नाही.

ती पाठीतली कमान नाही, कात्रीची स्वतःची चिमुकली स्प्रिंग असते. ती सुटी मिळते आणि पाच मिनिटांत बसते. पाठीतली कमान मात्र एकाच वेळी दोन-तीन हत्यारं सांभाळते, म्हणून एक पातं मंद वाटलं तर त्याच कमानीवरचं पलीकडचं हत्यारही चालवून बघा. तेही मंद असेल तरच कमानीकडे बोट दाखवा. या चाकूंवर कंपनीची हमी असते. मुठीवरचे लाल गाल उचकटण्याआधी ती वापरा.

बटण दाबल्यावर उघडणारा चाकू, रामपुरी वगैरे?

घेत नाही. दुरुस्तही नाही, सल्लाही नाही.

साधा चाकू बाळगणं कायदेशीर आहे ना?

शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेली हत्यारं मोडतात. आपले चाकू त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा संग्रहातला चाकू खिशात घालून मिरवणुकीत जायचं काही कारण नाही. लोहगावला विमानात बसताना तो हातातल्या बॅगेत नको, आत टाकायच्या सामानात ठेवा.

चाकू अर्धवट उघडा ठेवला तर बिघडतो का?

एका रात्रीत नाही. पण त्या स्थितीत कमान सगळ्यात जास्त वाकलेली असते. काचेच्या कपाटात झोकात दिसावा म्हणून काटकोनात उघडून वर्षानुवर्षं ठेवलेले चाकू मऊ पडतात. पूर्ण मिटलेला ठेवा.

पावसाळ्यात काय काळजी घेऊ?

चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पितळेवर हिरवा थर आणतं. तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात, डब्यात सिलिका जेलची पुडी. ती पुडी बदलायची असते. तीन वर्षांपूर्वीच्या बुटांच्या खोक्यातली चालत नाही.

जुन्या बाजारात चाकू घेताना कमान कशी तपासू?

बुधवारी किंवा रविवारी सकाळी उजेड चांगला असताना जा. पाठ पातळीत आहे का ते पाहा, वर सांगितलंय तसं. पातं सोडताना आवाज ऐका: कोरडा खट् हवा, भद् नको. काळवंडलेल्या मुठीत एखादीच पिन नवी पिवळीधमक दिसली तर चाकू कुणीतरी खोललाय. ते वाईटच असं नाही, पण मग भाव 'जसाच्या तसा ब्रिटिश काळातला' असा सांगू देऊ नका.

आजीचा अडकित्ता दुरुस्त कराल?

राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहून आल्यावर लोकांना घरातला आठवतो. त्याला बहुतेक वेळा कमान नसते, फक्त सांध्याची पिन ढिली झालेली असते. हो, करून देतो. सुपारी तुम्ही आणा.

खर्च किती?

चाकू हातात घेतल्याशिवाय सांगत नाही. साफसफाई स्वस्त, पिन ठोकणं मध्यम, नवी कमान महाग. बाजारात मिळणाऱ्या साध्या चाकूला नवी कमान घालायची तर त्या पैशांत दुसरा चाकू येईल, आणि मी तसं तोंडावर सांगतो.

बाहेरगावाहून पाठवायचा असेल तर?

आधी फोटो पाठवा: पाठीचा मिटलेल्या आणि उघड्या स्थितीतला, पात्याच्या बुडावरचा शिक्का, आणि दोन्ही बाजूंनी मूठ. अर्ध्या तक्रारींचं उत्तर फोटोवरच मिळतं. तरीही पाठवायचा ठरला तर पातं मिटून, बाहेरून रबर बँड न लावता सुती पट्टी गुंडाळा. रबर बँड उन्हाळ्याच्या गोडाउनमध्ये वितळून मुठीला चिकटतो. तुटलेल्या कमानीचे तुकडे सुटे झाले असतील तर तेही, कितीही बारीक असले तरी, कागदाच्या पुडीत घालून सोबत द्या. नव्या कमानीचा आकार त्यावरूनच निघतो.